ऑगस्टा सॅव्हेज : हार्लेमच्या तळघरात पिढी घडवणारी शिल्पकार

अमेरिकेतल्या काही मोठ्या संग्रहालयांमध्ये सभासदांचे वेगळे गट असतात. डेट्रॉइट शहरातल्या कलासंग्रहालयात आफ्रिकन आणि आफ्रिकन-अमेरिकन कलेच्या मित्रांचा असाच एक गट आहे. सभासद वर्षाची वर्गणी भरतात, व्याख्याने ठेवतात, कृष्णवर्णीय कलावंतांची चित्रे आणि शिल्पे संग्रहालयात यावीत म्हणून निधी उभा करतात. म्हणजे आपल्याकडे जयंतीची वर्गणी गोळा होते तशीच ही वर्गणी, पण ती एखाद्या दिवसाच्या कार्यक्रमावर खर्च न होता कायम टिकणाऱ्या वस्तूंवर खर्च होते.

एखाद्या समाजाची कला जपण्यासाठी असा वेगळा गट लागतोच कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर आम्हाला एका बाईच्या आयुष्यात सापडते. तिचे नाव ऑगस्टा सॅव्हेज. शिल्पकार, शिक्षिका आणि संघटक. तिचे सर्वांत मोठे शिल्प हजारो लोकांनी पाहिले, आणि प्रदर्शन संपताच ते यंत्राने फोडून टाकण्यात आले, कारण ते जपायला कुणाकडे पैसे नव्हते. आपल्या तरुण मित्रमैत्रिणींनी हे आयुष्य समजून घ्यावे म्हणून हा लेख.

लाल मातीतले बालपण

ऑगस्टा फेल्स यांचा जन्म 29 फेब्रुवारी 1892 रोजी फ्लोरिडा राज्यातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या छोट्या गावात झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षे झाली होती. वडील एडवर्ड फेल्स हे मेथॉडिस्ट पंथाचे गरीब धर्मोपदेशक. घरात चौदा भावंडे, त्यात ऑगस्टा सातवी. गावाजवळची माती लाल आणि चिकट, विटा पाडण्यासाठी वापरली जाणारी. लहानगी ऑगस्टा त्या मातीची बदके आणि इतर प्राणी करायची.

वडिलांना हे मुळीच आवडत नसे. बायबलमध्ये मूर्ती घडवायला मनाई आहे, म्हणून मुलीचा हा खेळ त्यांना पाप वाटे. त्यासाठी ती आठवड्यातून कितीतरी वेळा मार खाई. तरी ती थांबली नाही. पुढे तिने घडवलेली मेरीची मूर्ती पाहून वडिलांचे मन वळले.

पंधराव्या वर्षी लग्न झाले, सोळाव्या वर्षी मुलगी झाली, आणि थोड्याच वर्षांत पती जॉन मूर वारले. मुलीचे नाव आयरीन. 1915 च्या सुमारास कुटुंब वेस्ट पाम बीचला गेले. तिथे शिल्पासाठी चिकणमातीच मिळेना, म्हणून काही वर्षे हात रिकामे राहिले. मग एका स्थानिक कुंभाराकडून माती मिळाली आणि काम पुन्हा सुरू झाले. शाळेतल्या मुलांना मातीकाम शिकवण्यासाठी त्यांना दिवसाला एक डॉलर मिळू लागला. याच काळात जेम्स सॅव्हेज यांच्याशी दुसरे लग्न झाले. ते टिकले नाही, पण ते आडनाव त्यांनी कायम ठेवले.

1919 मध्ये पाम बीच परगण्याच्या जत्रेत त्यांनी आपल्या मूर्तींचे दुकान मांडले. बक्षीस मिळाले, पंचवीस डॉलर मिळाले, आणि जत्रेच्या अधिकाऱ्याने न्यूयॉर्कच्या एका शिल्पकाराच्या नावाने चिठ्ठी दिली. 1921 मध्ये मुलीला आईवडिलांकडे ठेवून ऑगस्टा न्यूयॉर्कला पोहोचल्या तेव्हा त्यांच्याजवळ 4 डॉलर 60 सेंट होते.

ज्या शिल्पकाराच्या नावाने चिठ्ठी होती, त्याची शिकवणीची फी त्यांना परवडण्यासारखी नव्हती. त्याने कूपर युनियन या संस्थेकडे पाठवले. तिथे शिक्षण मोफत असे. प्रतीक्षायादीतल्या 142 जणांच्या आधी ऑगस्टा यांना प्रवेश मिळाला, आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांत पूर्ण केला. मधे राहण्याखाण्याची सोय तुटली तेव्हा संस्थेने खर्चासाठी मदत दिली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो. मोफत शिक्षणाबरोबर पोटापाण्याची सोय झाली म्हणून त्या शिकू शकल्या. पुढे दोन वेळा असे झाले नाही.

फोंतेनब्लोचा नकार

1923 मध्ये फ्रान्समधल्या फोंतेनब्लो येथे अमेरिकन तरुणींसाठी उन्हाळी कलाशाळा होती. शंभर विद्यार्थिनी घ्यायच्या होत्या, शिकवणी मोफत होती, प्रवासाचे आणि राहण्याचे सुमारे पाचशे डॉलर तेवढे जमवायचे होते. ऑगस्टा यांनी अर्ज केला. त्या कृष्णवर्णीय आहेत हे निवड समितीला कळले आणि अर्ज नाकारला गेला. दक्षिणेकडच्या गोऱ्या मुलींना हिच्याबरोबर प्रवास करणे आणि एकत्र राहणे अवघड वाटेल, असे कारण पुढे आले.

आपल्या वाचकांना हे कारण नवे वाटणार नाही. खोली भाड्याने घेताना, डबा लावताना, वसतिगृहात जागा मिळवताना ते आजही वेगळ्या शब्दांत ऐकू येते. नाकारणारा स्वतःकडे दोष घेत नाही. तो दुसऱ्या कुणाची तरी अडचण पुढे करतो. शेजाऱ्यांना चालणार नाही, घरातल्या म्हाताऱ्यांना आवडणार नाही, बाकीच्या मुली तक्रार करतील. भेदभाव सगळे करतात, आणि जबाबदार कुणीच नसते.

ऑगस्टा गप्प बसल्या नाहीत. त्या वर्तमानपत्रांकडे गेल्या, प्रकरण देशभर गाजले. थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्यासारख्या मंडळींनी त्यांची बाजू घेतली. समितीने निर्णय बदलला नाही. समितीतले एक शिल्पकार हर्मन मॅकनील यांना मात्र त्याची खंत वाटली, आणि त्यांनी ऑगस्टा यांना आपल्याकडे शिकायला बोलावले.

या लढ्याची किंमतही मोजावी लागली. तक्रार करणारी बाई असा शिक्का बसला की कलादालने आणि संस्थांची दारे हळूच बंद होतात. ती आधीच फारशी उघडी नव्हती. तरी कलाक्षेत्रातला वर्णभेद त्यामुळे प्रथमच इतका उघडपणे चर्चेत आला.

लाँड्रीतली शिल्पकार

याच सुमारास हार्लेम बहरत होते. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या शहरांत येत होते, आणि न्यूयॉर्कचे हार्लेम त्यांच्या साहित्य, संगीत आणि विचारांचे केंद्र बनले होते. 135 व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात ऑगस्टा यांचे जाणेयेणे असे. तिथल्या ग्रंथपाल बाईंच्या पुढाकाराने त्यांना डु बॉइस यांचा अर्धपुतळा करण्याचे काम मिळाले. पुढे त्यांनी मार्कस गार्वी यांचाही पुतळा केला. गार्वींच्या चळवळीतले रॉबर्ट लिंकन पोस्टन यांच्याशी 1923 मध्ये त्यांचे तिसरे लग्न झाले. लायबेरियाहून परतताना पोस्टन मार्च 1924 मध्ये जहाजावरच वारले.

1925 मध्ये डु बॉइस यांच्या खटपटीने रोमच्या कला अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. पण ती फक्त शिकवणीपुरती होती. प्रवास आणि राहणे यांचे पैसे ऑगस्टा यांना जमवता आले नाहीत, म्हणून रोम राहून गेले. त्या वाफेवर चालणाऱ्या लाँड्रीत कपडे धूत होत्या आणि घर चालवत होत्या. वडिलांना पक्षाघात झाला, फ्लोरिडातले घर वादळात गेले, आणि सगळे कुटुंब हार्लेममधल्या त्यांच्या लहानशा घरात राहायला आले.

शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि शिक्षण मिळणे यांत किती अंतर असते, हे वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला पदोपदी दिसते. फी माफ होते, पण खोलीचे भाडे, मेस, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे माफ होत नाहीत. मुलगा किंवा मुलगी कॉलेज सोडते तेव्हा नोंदीत गैरहजेरी लागते. शिल्पकार म्हणून ऑगस्टा यांची रोमला न जाण्याची नोंदही अशीच कुठेतरी लागली असेल.

गॅमिन

1929 च्या सुमारास त्यांनी एका मुलाचा अर्धपुतळा केला. डोक्यावर एका बाजूला कललेली टोपी, चुरगळलेला सदरा, आणि चेहऱ्यावर शहाणपण व मिश्कीलपणा यांचे मिश्रण. त्यासाठी त्यांचा भाचा समोर बसला होता असे मानले जाते. शिल्पाचे नाव गॅमिन, म्हणजे फ्रेंच भाषेत रस्त्यावर वाढणारे पोर.

त्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाचे चित्र बहुतेक वेळा टिंगलीसाठी काढले जाई. जाड ओठ, बटबटीत डोळे, मूर्ख हसू. साबणाच्या जाहिराती, पोस्टकार्डे, खेळणी, सगळीकडे तेच. ऑगस्टा यांनी गल्लीतल्या एका पोराकडे नीट पाहिले आणि तो जसा होता तसा घडवला. त्याला देवदूत केले नाही आणि दयेचा विषयही केले नाही. एवढी साधी गोष्ट तेव्हा बंडाची होती.

गॅमिनमुळे त्यांना ज्युलियस रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली. या वेळी हार्लेमचे लोकही पुढे आले. प्रवासखर्चासाठी कार्यक्रम झाले, बायकांच्या मंडळांनी आणि फ्लोरिडातल्या शिक्षकांनी पैसे पाठवले. सहा वर्षांपूर्वी जो देश पाहायला त्यांना नाकारले होते, तिथे त्या लोकांच्या वर्गणीच्या बळावर पोहोचल्या. पॅरिसमध्ये शिक्षण झाले, तिथल्या सलोंमध्ये कामे लागली, कार्नेगी संस्थेच्या मदतीने फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतली शिल्पे पाहता आली.

तळघरातली शाळा

त्या परतल्या तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. शिल्प विकत कोण घेणार? ऑगस्टा यांनी 1932 मध्ये हार्लेममध्ये 143 व्या रस्त्यावर एका तळघरात कलाशाळा सुरू केली. ज्याला शिकायचे असेल त्याने यावे. शाळा सुटल्यावर मुले येत, कामावरून सुटलेली माणसे येत. 1934 मध्ये स्त्री चित्रकार-शिल्पकारांच्या राष्ट्रीय संघटनेवर निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन ठरल्या. तरी त्यांचा दिवस जाई तो तळघरात, दुसऱ्यांच्या हाताला वळण लावण्यात.

त्या तळघरात कोण कोण आले ते पाहा. पुढे अमूर्त चित्रकलेत नाव मिळवणारे नॉर्मन लुइस. अर्नेस्ट क्रिचलो. ग्वेंडोलिन नाइट. शिल्पकार विल्यम आर्टिस. आणि केनेथ क्लार्क. हे क्लार्क कलावंत झाले नाहीत, मानसशास्त्रज्ञ झाले. पत्नी मेमी क्लार्क यांच्याबरोबर त्यांनी गोऱ्या आणि काळ्या बाहुल्यांचा प्रसिद्ध अभ्यास केला. अनेक कृष्णवर्णीय मुले गोरी बाहुली चांगली आणि काळी वाईट असे सांगत. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संशोधनाचा आधार घेतला. गॅमिन घडवणाऱ्या बाईच्या वर्गात हा माणूस बसला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना काम देण्यासाठी मोठा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखाच, पण त्यात चित्रकार, लेखक आणि नटांनाही काम मिळे. कृष्णवर्णीय कलावंतांना मात्र त्यात घेतले जात नव्हते, आणि घेतले तरी देखरेखीच्या जागा दिल्या जात नव्हत्या. म्हणून 1935 मध्ये ऑगस्टा आणि सहकाऱ्यांनी हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड ही संघटना उभारली. नुसती निवेदने दिली नाहीत, एकेका कलावंतासाठी पाठपुरावा केला.

त्यातले एक उदाहरण सांगतो. जेकब लॉरेन्स नावाचा एक गरीब, हुशार मुलगा होता. ऑगस्टा त्याला कार्यालयात घेऊन गेल्या. वय कमी म्हणून त्याला परत पाठवले. तो विसरून गेला, ऑगस्टा विसरल्या नाहीत. एकविसावे वर्ष पूर्ण होताच त्याला पुन्हा घेऊन गेल्या आणि काम मिळवून दिले. पगार सुरू झाला म्हणून तो पूर्ण वेळ चित्रे काढू शकला. 1941 मध्ये त्याने दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या स्थलांतरावरची साठ चित्रांची मालिका पूर्ण केली. ती आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात निम्मी निम्मी आहे.

कार्यकर्ता कसा असावा याचा हा धडा आहे. भाषणे बरेच जण करतात. वय पूर्ण होण्याची तारीख लक्षात ठेवून हात धरून पुन्हा त्याच खिडकीवर नेणारी माणसे कमी असतात.

डिसेंबर 1937 मध्ये हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झाले. उद्‌घाटनाला एलिनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. ऑगस्टा पहिल्या संचालक झाल्या. चित्रकला, शिल्प, छापकाम, शिवण, छायाचित्रण असे वर्ग चालत आणि हजारो माणसे तिथे येत.

सोळा फूट उंचीचे शिल्प

त्याच वर्षी त्यांना 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी शिल्प करण्याचे काम मिळाले. तिथे काम मिळालेल्या त्या एकमेव कृष्णवर्णीय स्त्री शिल्पकार होत्या. विषय होता अमेरिकेच्या संगीताला कृष्णवर्णीयांनी दिलेली देणगी. ऑगस्टा यांनी जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे एक गीत आधाराला घेतले. हे गीत 1900 मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे शाळेतल्या पाचशे मुलांनी प्रथम गायले होते, आणि पुढे त्याला कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत म्हटले जाऊ लागले.

शिल्प सोळा फूट उंच होते. वीणेसारखे एक मोठे वाद्य, त्याच्या तारांच्या जागी उतरत्या उंचीचे बारा गाणारे तरुण आणि मुले. त्यांच्या झग्यांच्या चुण्या म्हणजे तारा. वाद्याचा तळ म्हणजे एक विशाल हात, आणि पुढे गुडघे टेकून संगीत अर्पण करणारा एक तरुण. लोक त्याला हार्प म्हणू लागले. त्याच्या छोट्या धातूच्या प्रतिकृती आणि पोस्टकार्डे आठवण म्हणून विकली गेली.

पण मूळ शिल्प प्लास्टरचे होते, वरून फक्त काळ्या दगडासारखे रंगवलेले. ब्राँझमध्ये ओतायला किंवा दुसरीकडे हलवून ठेवायला पैसे लागतात. ते ना ऑगस्टा यांच्याकडे होते, ना कुणी दिले. 1940 मध्ये प्रदर्शन संपले आणि इतर तात्पुरत्या बांधकामांबरोबर हार्पही यंत्राखाली चिरडले गेले.

या शिल्पासाठी त्यांनी केंद्रातून रजा घेतली होती. परत आल्या तेव्हा ती जागा दुसऱ्याकडे गेली होती. जून 1939 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय कलावंतांसाठी स्वतःचे कलादालन उघडले. पहिल्या दिवशी शेकडो लोक आले, विक्री मात्र झाली नाही, आणि थोड्याच काळात ते बंद पडले.

1945 मध्ये त्या न्यूयॉर्कपासून दूर सॉगर्टीज या गावी राहायला गेल्या. कोंबड्या पाळल्या, एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम केले, गावातल्या मुलांना मातीकाम शिकवले, अधूनमधून एखादे शिल्प केले. शेवटी आजारपणात मुलगी आयरीनकडे न्यूयॉर्कला आल्या आणि 26 मार्च 1962 रोजी कर्करोगाने वारल्या. तेव्हा त्यांचे नाव जवळजवळ विसरले गेले होते. त्यांची बहुतेक कामे प्लास्टरची होती, ती फुटली किंवा हरवली. आज मोजकीच शिल्लक आहेत. आपले स्मारक विद्यार्थ्यांच्या कामात असेल असे त्या मानत. ते खरे ठरले, पण ते त्यांनी नाइलाजाने स्वीकारलेले होते हेही आपण विसरू नये.

त्यांच्या मृत्यूनंतर

1969 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर मोठे प्रदर्शन भरवले आणि त्यात हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांची कामेच ठेवली नाहीत. कलावंत फलक घेऊन दारात उभे राहिले. त्याच वर्षी नॉर्मन लुइस, अर्नेस्ट क्रिचलो आणि रोमारे बिअर्डन यांनी तरुण कलावंतांसाठी सिंक गॅलरी काढली. तिघांपैकी दोघे ऑगस्टा यांचे विद्यार्थी. 1968 मध्ये हार्लेमचे स्टुडिओ म्युझियम सुरू झाले होतेच. सभासदांचे गट, स्वतःची दालने, स्वतःची संग्रहालये या सगळ्यांमागे एकच अनुभव आहे. आपली कला दुसऱ्याच्या तिजोरीच्या भरवशावर सोडली की ती हार्पसारखी चिरडली जाते. 2018 मध्ये जॅक्सनव्हिलच्या कमर संग्रहालयाने ऑगस्टा यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामांचे प्रदर्शन भरवले. जन्मगाव तिथून जवळच आहे.

आपले नाते

अमेरिकेतल्या या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी 1873 चा गुलामगिरी हा ग्रंथ तिथे गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ज्या डु बॉइस यांचा पुतळा ऑगस्टा यांनी घडवला, त्यांना 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची चौकशी केली, आणि डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच तिकडून आले.

हे नाते सांगताना आम्हाला अभिमान वाटतो, पण एक प्रश्नही पडतो. आपल्या शाहिरांच्या गाण्यांच्या किती वह्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये वाळवीने खाल्ल्या? धम्मदीक्षेनंतरच्या काळात गावोगाव बुद्ध आणि बाबासाहेबांच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांची नावे आपल्याला माहीत आहेत का? मोर्चांची भित्तिपत्रके, जयंतीचे जुने फलक, गायन पार्ट्यांच्या कॅसेट, हे सगळे कुणाच्या घरी आहे?

सरकारने संग्रहालय बांधावे ही मागणी योग्यच आहे, ती लावून धरू. पण तोवर वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक विहारात दहा तरुणांचा एक गट करता येईल. महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये वर्गणी ठेवता येईल. गावातल्या एका वृद्ध गायकाचा आवाज मोबाइलवर नोंदवणे, एका वहीची पाने स्कॅन करणे, एका मूर्तिकाराचे नाव, गाव आणि कामे लिहून ठेवणे, एवढे पहिल्या महिन्यात होऊ शकते. आणि वस्तीतल्या एखाद्या मुलीचा हात चित्रात चांगला चालत असेल, तर तिची फीच नव्हे, मेसचा आणि प्रवासाचा खर्चही या वर्गणीतून निघू शकतो.

हार्प ब्राँझमध्ये ओतायला कुणी पुढे आले नाही. आपल्याकडे अजून जे शिल्लक आहे, त्याच्याबाबतीत ही वेळ येऊ देऊ नका. येत्या रविवारी वंदनेनंतर हा विषय आपल्या विहारात जरूर काढा.

जयभीम! नमो बुद्धाय!